टाचण्या

मोंढ्याच्या मागच्या बोळीत माझं मशीन.
चैत्र. पत्रा तापून नुसता कडकड वाजायलाय,
आणि दिगू म्हणतो, माय, मला फुलपँट शिव.
अख्खी पाचवी हाफपँटवर,
ह्यालाच कसली हौस, म्हणून मी वर बघितलंही नाही.
पाच पोलकी द्यायची होती दुपारच्या आत.
तोंडात टाचण्या होत्या, सात की आठ.

मग त्यानं सांगितलं.
खाली बघून, चिंध्यांशी बोलल्यासारखं.
गणिताचे सर मधल्या सुट्टीत थांबवून घेतात.
जवळ बसवतात. हात.
एवढं म्हणून थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून,
न अडखळता, पाढा म्हटल्यासारखं.
किती दिवस पाठ केलं असंल लेकरानं.

खरं सांगते,
माझ्या जिभेवर आलंच होतं: कायबी बोलतो.
सरांनी मायेनं ठेवला असंल.
त्यांच्या सफारीचं माप माझ्याच वहीत,
कंबर अडतीस, खिसा डावीकडं,
उधारी न ठेवणारं एवढं एकच गिऱ्हाईक.
पण तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून त्याचं बोलणं शेवटापर्यंत गेलं.

एकेक काढली, चुंबकावर ठेवली.
शेवटची काढेपर्यंत ते वाक्य गिळून झालं होतं.
म्हटलं, सांगितलंस ते बरं केलंस.
तो म्हणाला, मारणार नाहीस?
कशापायी रे.

रात्री ह्याचा बाप जिनिंगवरून आला, भुवयांवर कापूस.
ऐकलं, आणि कोपऱ्यातली काठी उचलली.
मी दारात आडवी झाले. आधी त्याच्याजवळ बसा.
बसला. काय बोलावं कळंना,
तर नेलकटर काढून नुसतंच हातात धरलं.
बऱ्याच वेळानं
पोरानं आपणहून पाय पुढं केला.

हेडमास्तर म्हणाले, बाई, पोराच्या जातीला काय होतंय?
शाळेचं नाव आहे. सरांना दोन लेकरं आहेत.
माझा अर्ज वाचला, लाल पेन काढलं,
‘हात लावतात’ खोडून ‘गैरसमज झाला’ करा म्हणाले,
मिटवायला बरं पडंल.
मी सातवी शिकलेली. पण एवढं कळतं मला.
म्हटलं, सर, हे माप त्याच्या अंगाचं आहे,
ह्यात मी इंच घालत नाही आणि काढत नाही.

१०९८. आकडा शाळेच्याच भिंतीवर रंगवलेला,
अर्धा पाण्याच्या टाकीमागं गेलेला.
पाच वर्षं त्याच भिंतीला टेकून
मी शाळा सुटायची वाट बघितली.

ठाण्यातून एक बाई आली, साध्या साडीत.
स्टुलावर बसली, चहा नको म्हणाली.
घाई नाही, म्हणाली.
दिगूनं तिला एकदाच सांगितलं.
मधे एकदा मान वळवून बघितलं, मी आहे का.
होते.

सरांचं कापड घडी करून परत धाडलं,
ॲडव्हान्सच्या दोनशेसकट.

पुढचं काय सांगू. तारखा आहेत.
तीन-चार जणी आता समोरच्या दुकानात जातात,
मला बघून पदर सावरतात, जणू मीच काही केलंय.
एकजण मात्र दिवेलागणीनंतर आली, पोरीला घेऊन.
परकर शिवायचा म्हणाली. कापड आणलंच नव्हतं.
मी टेप गळ्यातून काढला, दार लोटलं,
म्हटलं, बसा.

फुलपँट शिवली.
खाली तीन इंच दुमड ठेवली, उसवून वाढवायला.

टाचण्या आता डबीत असतात.
पण तो मशीनपाशी येऊन माय म्हणाला
की पायडलवरचा पाय थांबतो,
आणि ओठ मिटून घेते मी,
रिकामेच.